पाच हजार आणि पंधराशे यांच्या मधली सुकती

शर्यत चालू असताना किस्से घडत नाहीत. धावणाऱ्याचं तोंड उघडं असतं, पण ते श्वासासाठी. किस्से घडतात ते दोन शर्यतींच्या मध्ये. सकाळी पाच हजार मीटर पळून झालेलं असतं, दुपारी पंधराशे पळायचं असतं, आणि मधल्या वेळात काय करायचं हे कोणालाच नीट कळत नसतं. वाडीत सुपारी सोलायला बसलं की सालांचा ढीग होतो, झाडून काढला तरी दुसऱ्या दिवशी तेवढाच, तसे आमच्याकडे या मधल्या वेळाचे किस्से साठले आहेत.

मी श्रीवर्धनला सुपारीच्या वाडीत कामाला आहे. शाळा नववीतच सुटली. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून हे किस्से सांगायचं काम नेहमी इरफान करतो. तो बोर्ली पंचतनचा. परवा तोच म्हणाला, "मंग्या, तू बोलू नको, लिही. लिहिताना तुझ्या तोंडाकडे कोण बघत नाय!"

म्हटलं, बरं.

*

आमचा ग्रुप म्हणजे मी, इरफान, प्रवीण, संगीता आणि आम्हाला शिकवणारे नाना.

नानांनी सगळं आयुष्य मच्छीमारी बोटीवर काढलं. आता गुडघा साथ देत नाही, बोट मुलगा बघतो, आणि नाना आम्हाला बघतात. गळ्यात शिट्टी असते, तीसुद्धा जाळ्याच्या दोऱ्यात ओवलेली.

आमचा सराव समुद्राच्या पुळणीवर चालतो. भरतीला तिथं पळायला जागाच नसते. पाणी मागे हटायला लागलं की ओली वाळू मागे राहते, घट्ट, सिमेंटसारखी. या ओहोटीला आमच्याकडे सुकती म्हणतात. म्हणून आमच्या सरावाची वेळ घड्याळावर नसते, पाण्यावर असते. नाना बंधाऱ्यावरून ओरडतात, "सुकती लागली रे!" आणि आम्ही पळत सुटतो.

घोटाळा असा, की स्पर्धेच्या मैदानावर नाना हाच शब्द अगदी उलटा वापरतात. पहिली शर्यत म्हणजे एक भरती, दुसरी शर्यत म्हणजे दुसरी भरती, आणि मधली ती सुकती. "सुकतीत दर्या काय करतो? गप पडतो. तुमी पन गप पडायचा!"

संगीता मूळची माणगावकडच्या खेड्यातली, भातशेतीच्या घरातली. कॉलेजसाठी मावशीकडे श्रीवर्धनला आली आणि पुळणीवर आमच्यात सामील झाली. तिच्या पहिल्याच स्पर्धेत पाच हजार संपलं, ती कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि नाना मांडवातून ओरडले, "संगीता, सुकती गो! सुकती!"

तिनं नानांकडे पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा पळायला लागली.

नाना उठून उभे राहिले. "अगो सुकती! सुकती!"

तिनं वेग वाढवला.

शेवटी इरफाननं आडवं जाऊन तिला थांबवलं. ती रडकुंडीला आलेली. "मी पळतेय ना! अजून किती जोरात पळू?"

*

हसायची गोष्ट झाली, पण संगीताचं खरं दुखणं तेच होतं. मधल्या वेळात तिला थांबता यायचं नाही.

पाच हजारात ती दुसरी यायची. पुढे एक पेणची मुलगी असायची, तिला गाठणं कोणाच्या बापाला शक्य नव्हतं. पंधराशेत मात्र संगीताला जिल्ह्यात तोड नव्हती, निदान सरावात तरी. आणि जिल्ह्यात पहिली आली तरच राज्य स्पर्धेला जाता येतं. पण स्पर्धेच्या दिवशी दुपारी शेवटच्या वळणावर तिचे पाय संपायचे आणि कोणीतरी पुढे निघून जायचं.

नाना म्हणाले, "पाच हजार सोडून दे."

ती म्हणाली, "एवढ्या लांब यायचं आणि एकच करून जायचं?"

"मग मधी आडवी तरी हो."

"दिवसा?" तिनं असं विचारलं, जणू नानांनी तिला चोरीच करायला सांगितली होती. "नाना, आमच्या घरी दिवसा आडवा होतो तो आजारी, नाहीतर मेलेला!"

*

प्रवीणचं नेमकं उलट. तो कुठंही झोपतो. बोटीवर जाणारा पोरगा, इंजिनाच्या आवाजात झोपायची सवय.

स्पर्धेला आम्ही त्याच्या काकाच्या टेम्पोतून जातो. एरवी त्यातून मासळी जाते. कितीही धुतला तरी वास राहतोच. त्यामुळे टेम्पोच्या सावलीला दुसऱ्या कुठल्या तालुक्याची पोरं फिरकत नाहीत. इरफान म्हणतो, "बाकीच्यांना सावली शोधावी लागते. आपलं रिझर्वेशन आहे!"

एकदा प्रवीण त्या सावलीत असा झोपला की पंधराशेची हाक झाली तरी उठेना. आम्ही तिघं आपापल्या नादात. अचानक शिट्टी वाजली. प्रवीण दचकून उठला, समोर लाइनवर माणसं उभी दिसली, तो जाऊन त्यांच्यात उभा राहिला आणि बार वाजताच सुटला.

ती पन्नाशीच्या वरच्या माणसांची शर्यत होती.

पंचांनी त्याला बाद केलं ते केलंच. पण नानांना राग त्याचा नव्हता. "शिंच्या, म्हाताऱ्यांत पळलास ते पळलास, दुसरा कसा आलास?"

"नाना, तो पुढचा म्हातारा लय जोरात होता!"

*

इरफानचा रोजा असताना एकदा रोह्याला स्पर्धा लागली. आम्ही सगळ्यांनी सांगितलं, नको येऊ. तो म्हणाला, अम्मीला विचारलंय, ती म्हणाली, पळ, पण तोंड वाकडं करून घरी येऊ नको.

सकाळचं पाच हजार तो कोरड्या घशानं पळाला. नंतर सगळे टेम्पोच्या सावलीत बसलो. डब्यात केळी होती, लिंबू-साखरेचं पाणी होतं. पण हा समोर बसलेला असताना बाटली तोंडाला कशी लावायची? मी लावली नाही. संगीतानं लावली नाही. प्रवीणनं टोपीखाली लपवून एक केळं खायचा प्रयत्न केला, पण नानांनी असं बघितलं की त्यानं ते परत डब्यात ठेवलं, अर्धं सोललेलं. नानांनी स्वतः चहासुद्धा घेतला नाही.

इरफाननं बराच वेळ बघितलं आणि भडकला. "अरे, रोजा माझाय! शर्यत तुमची पण आहे ना? पाणी प्या!"

"तहान नाय," आम्ही सगळे म्हणालो. उन्हानं ओठ फुटायला आले होते.

दुपारी पंधराशेत तो तिसरा आला. मी आणि प्रवीण त्याच्या कितीतरी मागे, जिभा बाहेर काढून. तो लाइनपाशी आमची वाट बघत उभा होता. म्हणाला, "माझा कबूल झाला की नाय अल्लाला ठाऊक. तुमचा नक्की झाला!"

*

एक माझाही सांगतो.

अलिबागच्या बाजूला एका मैदानावर मी मधल्या वेळात मांडवाच्या कडेला उभा होतो. एका बाईंनी माझ्या हातात पाण्याचा जग दिला आणि म्हणाल्या, "तिकडं पाहुण्यांना दे." मी खेळाडू आहे हे सांगायला तोंड उघडलं, पण शब्द निघाला नाही. पाहुण्यांना पाणी दिलं. मग पंचांना दिलं. मग त्यांनी मला दुसऱ्या मांडवात पाठवलं.

पंधराशेची हाक झाली तेव्हा मी जग टेबलाखाली ठेवून लाइनवर गेलो. शेवटच्या फेरीत मी चौथ्या नंबरवर होतो, जीव खाऊन पळत होतो, आणि मांडवासमोरून जाताना त्या बाई उठून ओरडल्या, "अरे, पाणीवाला पळतोय! पकडा त्याला!"

*

संगीताला बसवायचे आम्ही नाना प्रकार केले. हा शब्द मी मुद्दाम वापरला. प्रकार सगळे नानांचेच होते.

एका शाळेच्या मैदानावर नानांनी सांगितलं, "जा, तिकडं आत वर्गात सावली हाय, बाकावर पड." ती गेली. दुपारी हाक झाली तरी पत्ता नाही. शोधलं, तर शाळेच्या मागं, जिथं सगळ्यांचा स्वयंपाक चालला होता तिथं, ही बाई ओढणी कमरेला खोचून मोठ्या टोपात वांग्याची भाजी ढवळत होती! स्वयंपाकाच्या मावश्या तिच्यावर खूश. "पोरीला वळण चांगलं हाय हो!"

त्या दिवशी ती पंधराशेत चौथी आली. परतताना टेम्पोत नानांनी विचारलं, "कुठं हरलीस?"

"शेवटच्या वळणावर."

"न्हाय. वांग्याच्या टोपात."

मग नानांनी विचार केला की हिला बसायचंच काम द्यावं. पुढच्या स्पर्धेला त्यांनी घरून फाटकं जाळं आणलं. तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "हे सांभाळत बस. उठायचा न्हाय. माझं जाळं हाय, कोन नेल." नाना खूश होऊन चहाला गेले. येऊन बघतात तर हिनं प्रवीणला झोपेतून उठवून त्याच्याकडून गाठ मारायची शिकून घेतली होती, आणि ती वाकून, मान मोडून, एकेक घर विणत होती. शेताच्या घरातली पोरगी, जन्मात जाळ्याला हात लावला नव्हता. दुपारपर्यंत अर्धं जाळं दुरुस्त!

नानांनी जाळं हातात घेऊन एकेक गाठ ओढून पाहिली. "जाला बरा झाला," ते म्हणाले. "पाय गेले."

आणि तसंच झालं.

*

आता शेवटचा. हा इरफान सांगतो तेव्हा मीसुद्धा पुन्हा ऐकायला थांबतो.

जिल्हा स्पर्धा माणगावला होती. वीस वर्षांखालच्या गटातलं संगीताचं ते शेवटचं वर्ष. नंतर मोठ्या बायकांच्या गटात पळायचं, तिथं कोण कोण असतात ते सांगायला नको. येताना टेम्पोत ती एकदाच म्हणाली, "या वेळी नाही झालं तर संपलं."

माणगाव तिच्या गावापासून जवळ, म्हणून तिचे वडील आले होते. त्यांनी तिला कधी पळताना पाहिलंच नव्हतं. रामभाऊ नाव. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी, चेहऱ्यावर सगळं ऊन. आल्या आल्या म्हणाले, "बाजारात काम होता, म्हनून आलो." बाजार त्या दिवशी नव्हता.

पाच हजार चालू असताना नाना रामभाऊंना चहाला घेऊन गेले. काय बोलले माहीत नाही. परत आले तेव्हा रामभाऊ जरा घाबरल्यासारखे दिसत होते.

संगीता नेहमीसारखी दुसरी आली. मैदानावर फक्कीच्या रेषा पुसट झाल्या होत्या आणि दोन माणसं नवीन फक्की मारत होती. हिची नजर लगेच तिकडे! मी म्हटलं, गेली आता ही रेषा मारायला. तेवढ्यात रामभाऊंनी हाक मारली, "बाय, बस जरा माज्याजवल."

ती टेम्पोच्या चाकाला टेकून त्यांच्या शेजारी बसली. दोन मिनिटं भाताच्या झोडणीचं काहीतरी बोलणं झालं. मग रामभाऊंचे डोळे मिटले, मान कलली, आणि डोकं अलगद तिच्या खांद्यावर आलं. घोरायलाही लागले.

संगीताचा चेहरा पांढरा पडला. "नाना! बाबा दिवसा झोपले!" तिनं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "बरं नाहीये का यांना?"

"ताप न्हाय," नाना म्हणाले. "दमलाय. झोडनी आत्ताच झाली ना? हलू नको गो, जागा होईल."

ती हलली नाही. पाय पुढे पसरलेले, पाठ चाकाला. प्रवीणनं पाणी दिलं तेही तिनं मान न हलवता प्यायलं. फक्की मारणारे मारत राहिले. गोळाफेक झाली, उंच उडी झाली, लाउडस्पीकरवर कोणाचीतरी हरवलेली चप्पल पुकारली. ही जागची हलली नाही. थोड्या वेळानं तिचेही डोळे मिटले आणि तिचं डोकं बापाच्या डोक्यावर टेकलं. इरफाननं माझा हात दाबला. इतक्या वर्षांत आम्ही हे पहिल्यांदा बघत होतो.

मी समोरच बसलो होतो. एक लाल मुंगी रामभाऊंच्या कॉलरवरून मानेवर चढली, मानेवरून कानामागं गेली, तिथं थांबली. त्यांनी बोटसुद्धा हलवलं नाही. मी मनात म्हटलं, बापरे, किती गाढ झोप!

पंधराशेची हाक झाली. संगीतानं डोळे उघडले. इरफाननं जर्सीची गुंडाळी करून तिच्या खांद्याऐवजी हळूच रामभाऊंच्या डोक्याखाली सरकवली. ती चपला हातात घेऊन चवड्यांवर चालत गेली, मांडवापलीकडे जाईपर्यंत तशीच.

ती दिसेनाशी झाली आणि रामभाऊंचा एक डोळा उघडला.

"गेली का?"

"गेली," नाना म्हणाले.

रामभाऊ उठून बसले आणि दोन्ही हातांनी कान खाजवायला लागले. "आयला! कवाची चावते हाय मुंगी!"

मग पिशवी तिथंच टाकून ते मैदानाच्या कडेच्या दोरीकडे पळाले. होय, पळाले. आम्ही त्यांच्या मागं.

पहिल्या फेऱ्या संगीता घोळक्यात होती. शेवटच्या फेरीला ती आणि पेणची मुलगी पुढे निघाल्या. मग ते वळण आलं. मी खाली बघितलं. मला ते वळण बघवत नाही. तेवढ्यात माझ्या कानाशेजारी असा आवाज आला की मी दोन पावलं मागे सरलो. रामभाऊ! बैलांना चिखलणीत घालतात तशी हाळी. "हैऽऽऽ! चल गो माजी बाय! हैऽऽऽ!" मैदानावरच्या सगळ्यांनी वळून पाहिलं. उंच उडीचा पंच दांडी हातात धरून बघत राहिला.

संगीतानं वळून पाहिलं नाही. पण ते वळण संपलं तेव्हा ती एकटीच पुढे होती, आणि लाइन ओलांडेपर्यंत एकटीच राहिली.

प्रवीण नाचायला लागला. नाना शिट्टी वाजवत होते, आणि ती आपण का वाजवतोय हे त्यांनाही कळत नव्हतं. मी वळून रामभाऊंना काहीतरी म्हणणार, तर रामभाऊ नव्हतेच.

आम्ही टेम्पोपाशी आलो. रामभाऊ चाकाजवळ आडवे, डोळे मिटलेले, जर्सीची गुंडाळी डोक्याखाली नीट. छाती मात्र भात्यासारखी वरखाली होत होती.

मागून संगीता आली. घामानं भिजलेली, हातात चपला. आम्ही ओरडणार, तर तिनं ओठावर बोट ठेवलं.

"शू! दमलेत ते. उठवू नका कोणी."

ती हळूच त्यांच्या शेजारी बसली, चाकाला पाठ टेकली, पाय पसरले आणि डोळे मिटून घेतले. लाउडस्पीकरवर तिचं नाव पुकारत होते. पंधराशे मीटर, प्रथम क्रमांक, बक्षिसासाठी ताबडतोब मंचाजवळ यावं. एकदा पुकारलं. पुन्हा पुकारलं. मग एक पंच स्वतःच धावत आला. "अहो ताई, पाहुणे थांबलेत!"

संगीतानं डोळे उघडले नाहीत.

"येते म्हणावं," ती म्हणाली. "बाबा उठले की."